एकशे बारा नंबरचा घोडा

बिदर जिल्ह्यात आठ दिवस राहून बिदरचा किल्ला न पाहता परत आलेली मी बहुधा पहिलीच बाई असेन. शाळेत सगळ्यांनी विचारून झालं. ड्रॉइंगच्या मास्तरांना दरवाज्यावरची नक्षी कशी आहे ते हवं होतं, मुख्याध्यापिकाबाईंना मदरशाच्या मनोऱ्यावरच्या निळ्या फरशांबद्दल ऐकायचं होतं. मी दोघांनाही नाही म्हटलं. मग पाहिलंत तरी काय, असं विचारलं तेव्हा मी सांगितलं, घोडा पाहिला. दोघं हसले. पुण्यात घोडा पाहायला मंडईजवळच्या टांग्यांपर्यंत गेलं तरी पुरतं. ज्यांना हसू आलं त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

माझा धाकटा भाऊ रघुनाथ हैदराबाद संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, स्वार होता. आमचं मूळ गाव उदगीर. वडील तट्टावर कापडाची गाठोडी टाकून बाजार फिरायचे. आई रघूच्या बाळंतपणात गेली. अठराव्या वर्षी मी पांढरं कपाळ घेऊन माहेरी परत आले तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि माणसांपेक्षा तट्टाशी जास्त बोलत होता. चार वर्षं मी त्याला वाढवलं, त्याचं अक्षर वळवून घेतलं, आणि मग स्वतः शिकायला पुण्याला निघून आले. गाडीत बसताना तो रडला नाही. "आता तट्टाला पाणी कोण पाजणार?" एवढंच त्याने विचारलं. मला तेव्हा त्याचा राग आला होता. पुढे वडील गेले आणि तो रिसाल्यात लागला.

संस्थान भारतात सामील झालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी त्याच्यासाठी पुण्यात कारकुनाची जागा बघितली. तिकडचे दिवस वाईट होते. रिसाला सोड आणि ये, असं मी लिहिलं. त्याचं उत्तर आलं, राजाला सोडून येववत नाही. राजा हा त्याचा घोडा. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, अशा घोड्याला पंचकल्याणी म्हणतात, आणि राजाच्या कपाळावरचा पट्टा, चुना लावताना हात घसरावा तसा, डावीकडे वळलेला होता. हे सगळं मला त्याच्या पत्रांतून पाठ झालं होतं. बहिणीपेक्षा घोडा मोठा, असं मनात येऊन मी एक पत्र खरडलं. एरवी मी त्याला "चि. रघुनाथ यास अनेक उत्तम आशीर्वाद" असं लिहायची. त्या पत्रात आशीर्वाद नव्हता आणि नावामागे "चि."ही नव्हता. नुसतं "रघुनाथ", आणि खाली, घोडाच प्यारा असेल तर तिकडेच राहा.

त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. थंडीत रिसाल्याच्या दप्तरातून उर्दूत लिहिलेला एक कागद आला. आमच्या शाळेशेजारच्या मौलवीसाहेबांनी तो वाचून दाखवला. स्वार रघुनाथ, घोडा नंबर एकशे बारा, गैरहजर, सबब नोकरीतून कमी. मला हायसं वाटलं. हजेरीपटावर गैरहजर म्हणजे मूल कुठेतरी आहे, शाळेत नाही इतकंच, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तो जिवंत होता आणि माझ्यावर रुसला होता. आधी त्याने लिहावं, मग मी लिहीन, असं म्हणत मी चार वर्षं काढली. ही माझी चार वर्षं कोणाला सांगण्यासारखी नाहीत.

यंदा नाताळच्या सुट्टीला वसतिगृहातल्या मुली घरी गेल्या आणि मी ट्रंक आवरायला काढली. एका जुन्या पत्रात त्याने लिहिलं होतं, नोकरी सुटलीच तर माझा जोडीदार गुंडाजी याच्या शेतावर राहीन, खटकचिंचोळीपासून दोन कोस, तिथे राजाला चरायला माळ आहे. हे वाक्य मी पूर्वीही वाचलं होतं. त्या दिवशी मात्र वसतिगृहात कोणाचाच आवाज नव्हता, आणि मला ते सहन होईना. दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले.

गुलबर्गा, हुमनाबाद

गुलबर्ग्याला उतरल्यावर मी हमालाला मराठीत विचारलं, त्याने कानडीत उत्तर दिलं, आणि तिकीट तपासनिसाने मधे पडून ते मला उर्दूत समजावलं. गंमत म्हणजे त्या दोघांना एकमेकांचं आणि माझंही कळत होतं. मी उदगीरची, लहानपणी मलाही हे जमायचं. सोळा वर्षांत बोली सुटली. स्टेशनाबाहेर भाजीवालीने "अक्का, कुठं जायलाव?" असं विचारलं तेव्हा मी जागीच थांबले. पुण्यात मला सगळे बाई म्हणतात. अक्का म्हणणारा एकच होता.

बसमध्ये माझ्या पायाशी सुक्या मिरच्यांचं पोतं होतं. चिटगुप्प्याच्या अलीकडे एका खड्ड्यात ते फुटलं आणि सगळी गाडी खोकायला लागली. ड्रायव्हरने गाडी थांबवली, सगळे उतरले, आणि मिरच्यांचा मालक सोडून सगळे हसत होते. डोळ्यांना पदर लावून मी झाडाखाली बसले. शेजारच्या म्हाताऱ्याने पाणी दिलं आणि विचारलं, "तिकडं तुमचं कोन हाय?"

"भाऊ," मी म्हणाले.

चार वर्षांत हा शब्द मी मोठ्याने उच्चारला नव्हता. मिरच्यांमुळे तोंड लपवायची गरज पडली नाही.

हुमनाबादपर्यंत माती तांबडी. घरं, कुंपणं, विहिरींचे कठडे, सगळं त्याच तांबड्या जांभ्या दगडाचं, आणि त्या रंगाची सवय होईतो एकदम काळं रान सुरू होतं. तूर पिवळी होऊन उभी होती. हुमनाबादेत एका ओळखीच्या ओळखीने रात्र काढली. त्या घरी पुंडीची भाजी वाढली. आपल्याकडची अंबाडी ती हीच, पण आपण तिच्यावर गूळ घालून तिची खोड मोडतो. इकडे ती आंबटच राहते, वर लसणाचं तेल आणि खाली पापडासारखी कडक भाकरी. सकाळी चिंचोळीकडे जाणारी एक बैलगाडी मिळाली.

गाडीवान बोलका होता. "तुमी रिसालेवाल्या गुंडाजीकडं जायलाव व्हय?"

"ओळखता का त्यांना?"

"वळकत न्हाई असं कोन हाय. कागदावर मेलंय ते मानूस, पन पेरनी सगळ्यांच्या आदी करतंय."

"कागदावर म्हणजे?"

"ते त्यालाच इचारा. आमी कामून बोलावं."

"त्यांच्याकडे आणखी कोण राहतं?" हे विचारताना मी रस्त्याकडे बघत होते.

"बायको हाय. आन घोडं हाय."

"आणखी?"

"घोडं हाय म्हनलं की, बाई."

वाडी

वाडी पंधरावीस घरांची. गुंडाजीचं शेत तिच्याही बाहेर, माळाच्या कडेला. गाडीवानाने मला बांधावर सोडलं आणि लांबून हात करून दाखवलं. उन्हं कलली होती. एका कडुलिंबाच्या झाडाखाली घोडा उभा होता. चारी पाय पांढरे. त्याने मान वळवली आणि कपाळावरचा पट्टा दिसला, डावीकडे घसरलेला.

मी तिथेच उभी राहिले. घोडा इथे आहे म्हणजे रघू इथे आहे, यात मला तिळमात्र शंका उरली नाही. मग लगोलग रागही आला. चार वर्षं एक ओळ लिहिता आली नाही का, हे पहिलं वाक्य मी जुळवून ठेवलं. साडीवरची धूळ झटकली, चष्मा पुसला, छत्री मिटली. रडायचं नाही असं ठरवलं, कारण तो माझी चेष्टा करील.

गोठ्यातून एक माणूस बाहेर आला. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, पाय घोडेस्वाराचे असतात तसे किंचित बाहेर वाकलेले. रघू नव्हता. त्याने मला पाहिलं, हातातली पेंढी खाली ठेवली आणि टाचा जुळवून उभा राहिला.

"तुमी पुन्याच्या अक्का," तो म्हणाला.

"रघू कुठे आहे?"

"आदी राजाला पानी दावतो."

आणि तो खरंच घोड्याला सोडून विहिरीकडे घेऊन गेला. मी कशी उभी राहिले ते मला माहीत. त्याची बायको भागीरथी बाहेर आली, तिने माझ्या पायांवर पाणी घातलं, घोंगडी टाकली आणि हळूच म्हणाली, "रागावू नका अक्का. ह्यांचं तसंच हाय. रिसाल्यात आदी घोडं, मग मानूस. आमच्या घरात बी आदी घोडं, मग बैल, मग मी, मग ते सोता. पावनं आलं तरी त्येच."

मला नंतर कळलं की ती हे गंमत म्हणून सांगत नव्हती. आठ वर्षं रिसाल्यात आणि चार वर्षं शेतात या माणसाने जनावर पाणी प्यायल्याशिवाय घोट घेतलेला नाही. बैलांना तो रिसाल्यातले उर्दू हुकूम देतो, आणि बैल "दाहिने घूम" म्हटलं की उजवीकडे वळतात. वाडीतले लोक बांधावर उभे राहून हा तमाशा बघतात. पण राजाला त्याने कधी नांगराला जुंपलेलं नाही, आणि त्याच्या पाठीवर तो बसतही नाही. वाडीत कोणाचाही घोडा नाही, एवढा चारा नुसता उभ्या जनावराला कशाला, असं सगळे म्हणतात. तो ऐकून घेतो.

राजाला बांधून तो माझ्यासमोर बसला. खाली मान घालून त्याने जे सांगितलं ते मी जमेल तसं त्याच्याच शब्दांत देते.

"भादव्याचा म्हैना हुता. मांजरा दोनी थड्या भरून चालली हुती. एक कागूद पल्याडच्या तळावर न्यायचा हुता. आमी दोगंच. अक्का, मला पान्याचं लई भ्या. आन माजी घोडी चिमणी, ती बी पान्यात बिचकायची. राजा पक्का पवनारा. म्या रघूला म्हनलं, आजच्या दिशी घोडं बदल. त्यो कामून बी म्हनला न्हाई. उतरला, राजाचा लगाम माज्या हातात दिला. म्हनला, त्याचं तोंड वडू नको, त्यो सोता जातंय."

त्याने राजाकडे पाहिलं. भागीरथी चुलीपाशी बसली होती, तिने हातातली भाकरी परातीत ठेवली.

"राजानं मला नेलं. म्या मागं बगितलं. मधल्या धारंत चिमणीचा पाय गेला. रघूचं डोकं दोनदा वर आलं."

मी घोंगडीचा काठ मुठीत धरला.

"तिसऱ्या दिशी दोन कोस खाली बाभळीत घावला. थितल्या कोळ्यांनी लाकूड दिलं. अग्नी म्याच दिला, मिशी काडली. धा दिस थितंच ऱ्हायलो. तवर रिसाला मोडला हुता. कुणाकडं जावं? राजाला घिऊन घरी आलो."

"मग तो कागद?" मी म्हणाले. "त्यात गैरहजर लिहिलं होतं."

गुंडाजी उठला. राजापाशी जाऊन त्याने त्याचा पुढचा पाय उचलला आणि मला बोलावलं. खुराच्या दर्शनी बाजूवर अंगठा फिरवत म्हणाला, "हितं नंबर डागलेला असतो. रिसाल्यात मानूस कोन वळकतंय? खूर बगत्यात. चिमणी खाली घावली, खोगीरासकट. खुरावर सत्तेचाळीस. सत्तेचाळीस म्हंजी गुंडाजी. गुंडाजी बुडाला, लिवलं. एकशे बारा घावला न्हाई, मग रघुनाथ गैरहजर, लिवलं."

मी खूर पाहिला. त्यावर काहीच नव्हतं.

"ऱ्हात न्हाई नंबर. नखावानी वाढतंय ते. सा म्हैन्याला पुन्ना डागायचे. आता कोन डागनार?"

एका कारकुनाने घोड्यावरून माणूस ठरवला होता. आणि तासाभरापूर्वी बांधावर उभं राहून मीही तेच केलं होतं.

मला रडू आलं नाही. मला या माणसाचा राग आला, भयंकर राग. रघूची पाण्यातली जागा याची होती. भागीरथीने भाकरी वाढली. तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या, त्यांचा वास लहानपणचा होता. मी ताट सारलं. तोही जेवला नाही.

मांजरा

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मला नदी दाखवा. पहाटे त्याने गाडी जुंपली. राजाला त्याने गाडीमागे मोकळाच ठेवला आणि तो आपणहून आमच्यामागे येत राहिला. ऊन वर आलं तेव्हा आम्ही उतारावर पोहोचलो. उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा.

आणि नदी होती कुठे? पौषातली मांजरा. रुंद वाळू, मधून दोन-तीन ओहळ, तळाचे गोटे दिसणारं स्वच्छ पाणी. पलीकडून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालत येत होती, तिने नेसूचं लुगडं वर धरण्याचीही तसदी घेतली नव्हती. मी चपला काढून धारेत उतरले. पाणी माझ्या घोट्याच्या वर आलं नाही. चौदा-पंधरा पावलांत मी पलीकडे गेले, तशीच मागे फिरले आणि मधेच उभी राहिले. इतक्या पाण्यात तर रघूला मी उदगीरच्या ओढ्यावर अंघोळ घालत असे. तिथे मात्र मला हुंदका आवरला नाही. नदीचं एवढं रुंद पात्र आणि माझ्याजवळ माझं म्हणावं असं एकही माणूस नाही, हे मला त्या पाण्यात उभं असताना नेमकं कळलं.

गुंडाजी काठावरच थांबला. तो पाण्याला शिवत नाही, अजूनही नाही. राजा मात्र सरळ धारेत आला, माझ्या शेजारी उभा राहून पाणी प्यायला आणि त्याने माझ्या खांद्याला ओलं तोंड पुसलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कपाळावर हात ठेवला.

काठावर येऊन मी विचारलं, "चार वर्षांत मला कळवावंसं नाही वाटलं?"

"मला लिवता येत न्हाई, अक्का. लिवून घ्यावं म्हनून दोनदा चिंचोळीला गेलो. पन लिवनाऱ्याला आदी तोंडानं सांगावं लागतंय. त्ये जमंना." मग तो म्हणाला, "तुमचं शेवटलं पत्र आलं तवा म्या जवळच हुतो. वाचलं आन हासला."

"हसला?"

"व्हय. म्हनला, अक्का लई रागात हाय, यंदा चि. घातला न्हाई. मला काय त्येचं कळत न्हाई, चि. म्हंजी काय ते. म्हनला, दसऱ्याला जाऊन पाया पडतो, मग घालती आपोआप."

मी वाळूवर बसले. तो रुसला नव्हता. चार वर्षं मी ज्याच्या रुसव्यावर रुसले होते तो मुळात रुसलाच नव्हता, आणि मला तो रुसलेला चालला असता. शंभर वर्षं रुसून कुठेतरी राहिला असता तरी चाललं असतं.

येताना गाडीत मी त्याने दिलेली भाकरी खाल्ली. त्याने आधी राजाकडे पाहिलं, तो गवतात तोंड घालून होता, मग स्वतःही खाल्ली. राग तसाच होता, पण तो त्या माणसावर धरून ठेवता येईना.

पुढचे दोन-तीन दिवस मी तिथेच राहिले. परत जायची ताकद नव्हती हे खरं कारण. मी तुरीच्या शेंगा सोलल्या, भागीरथीला अक्षरं गिरवून दाखवली, दुपारी राजाला खरारा केला. खरारा करताना गवताची जुडी नेहमी केसांच्या दिशेने फिरवायची, हे गुंडाजीने मला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा मी वर्गातल्या ढ मुलीसारखी ओशाळले.

एके दुपारी तो रानात असताना भागीरथी माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. तिने त्या सरकवल्या, खाली मनगटावर एक जुना वण होता.

"ह्ये बुडाल्याचा सांगावा आला तवा बायकांनी दगडानं फोडल्या. एक काच रुतली. आठ दिस मी तशी हुते. मग एके दिशी ह्ये दारात, घोडं घिऊन. म्या पुन्ना भरल्या. पन वाडीतल्या बायका संक्रांतीला मला बोलवीत न्हाईत. एकदा फुटल्या त्या फुटल्या म्हनत्यात."

"मलाही नाही बोलवत," मी म्हणाले.

"तुमचं येगळं. माजा मानूस जिता हाय." मग ती कचरत म्हणाली, "ते तुमाला कदीच म्हननार न्हाईत. मनून म्या म्हनते. शेताच्या कागदावर माजं नाव चढवलंय. भागीरथी बेवा गुंडाजी. बेवा म्हंजी रांडमुंड. जुनी उर्दू दप्तरं आता नवीन करायलेत. ह्या येळंला तसंच उतरलं तर जलमभर तसंच. पटवारी म्हनतो, गुंडाजी जिता हाय ते दिसायलंय मला, पन मग बुडाला कोन? जो बुडाला त्याच्या घरच्यानं लिवून द्यावं."

माझ्या ट्रंकेत मौलवीसाहेबांनी वाचलेला तो कागद होता. जगात रघूच्या नावाचा तेवढाच एक कागद, आणि त्यात तो गैरहजर होता. मेलेला नव्हता. कोणी विचारलं तर मला अजूनही सांगता आलं असतं, भाऊ आहे, तिकडे कुठेतरी असतो. मी लिहून दिलं की तेही संपणार होतं, आणि ते माझ्याच अक्षरात.

संध्याकाळी गुंडाजी आला. बैल सोडले, राजाला पाणी दाखवलं, बैलांना दाखवलं. मग भागीरथीने तांब्या भरून पुढे केला. त्याने तो आधी माझ्याकडे दिला. मी पाणी प्यायले. मग तिला दिला, आणि सगळ्यांत शेवटी तो स्वतः प्यायला. बारा वर्षांच्या रघूने गाडीपाशी मला काय विचारलं होतं ते आठवलं. तट्टाला पाणी पाजणारा त्याला सापडला होता, आणि त्याच्याच हातात त्याने लगाम दिला होता.

"उद्या चिंचोळीला जाऊ," मी म्हणाले. "टाक आणि कागद मला लागेल."

गुंडाजीने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

चावडी

खटकचिंचोळीच्या चावडीत पटवाऱ्याने मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः गालिच्यावर बसला. पुण्याची मास्तरीण बघायला दाराशी चार माणसं जमली होती. गुंडाजी माझ्या मागे टाचा जुळवून उभा होता, भागीरथी दाराच्या आत, भिंतीला टेकून. पटवारी सभ्य माणूस होता. त्याने मजकूर कसा असावा ते उर्दूमिश्रित मराठीत सांगितलं आणि कागद पुढे केला.

मी लिहायला लागले. इतकी वर्षं मी मुलींना अर्ज कसा लिहावा ते शिकवते आहे, हात आपणहून चालतो. मी, अमुक, राहणार पुणे, लिहून देते की रिसाल्यातील स्वार गुंडाजी हा हयात असून माझ्या समक्ष उभा आहे. त्या वर्षीच्या भाद्रपदात मांजरा नदीच्या उतारावर घोडा नंबर सत्तेचाळीसवर जो स्वार होता तो माझा धाकटा भाऊ. इथे हात थांबला. मग मी त्याचं नाव लिहिलं, पुढचं वाक्य लिहिलं, तो बुडून मरण पावला, आणि सही केली. अक्षर कुठेही हललं नव्हतं.

पटवाऱ्याने कागद घेऊन सावकाश वाचला. वाचता वाचता एका जागी बोट ठेवलं.

"बाई, हितं तेवढं चुकलं. मयताच्या नावामागं चि. पडलंय. ते खोडून कै. करा."

दाराशी उभी असलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली. मुलींच्या वहीत अशी चूक दिसली तर मी तांबड्या शाईने पान भरून टाकते.

"चुकलेलं नाही," मी म्हणाले. "मागच्या पत्रात घालायचं राहून गेलं होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या गुंडाजीकडे. अक्षरांवर वाळू टाकली, कागद तिरका करून ती झाडली, आणि तो तसाच दप्तरात ठेवला.